गॅसवर राहिलेलं दूध

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही.) इकडे सगळे खुशाल. मी तर आज इतकी हलकी झाले आहे की विचारू नकोस. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे.

साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः येते, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या भागात माझी नायिका एकदाची घर सोडून निघाली. परगावी चांगली नोकरी लागलेली, आणि घरच्यांनी ‘कशाला हवी’ म्हणून मोडता घातलेला. तिने उंबरठा ओलांडला तो मी पानभर रंगवला! वाटलं, आता बायका मला डोक्यावर घेतील. पत्रं ढिगाने आली आणि सगळ्यांत एकच प्रश्न: दुधाचं काय झालं? कारण भागाच्या सुरुवातीला तिने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते आम्ही दोघी (ती आणि मी) साफ विसरलो. एका वकीलबाईंनी तर लिहिलं, तिचा निर्णय मला पूर्ण मान्य आहे, पण गॅस बंद करून जायला काय धाड भरली होती?

संपादकांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, दोन मिनिटांसाठी परत पाठवा, गॅस बंद करील आणि जाईल. लिहायला बसले. बाईने गॅस बंद केला, मग ओटा पुसला, मग सासऱ्यांनी चहा मागितला, आणि चौथ्या पानावर ती भांडी घासत होती! फाडून टाकलं. म्हटलं, नवऱ्याला बंद करू दे. संपादक म्हणाले, वाचकांना पटणार नाही. आमच्या ह्यांना विचारलं, तर ह्यांनी बराच विचार करून मलाच विचारलं, दूध तापलं हे ओळखायचं कशावरून? इतक्या मुश्किलीने दारापर्यंत आणलेली बाई पुन्हा स्वयंपाकघरात जाणार, या विचाराने मला रडूच कोसळलं.

वाचवलं कोणी? सासूबाईंनी! (हो, त्याच.) माझं लिखाण वाचत नाही म्हणतात, आणि अंक आला की आधी त्याच पळवतात. परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “उतू जाऊ दे की. मीही एकदा बॅग घेऊन निघाले होते. दारात दूध आठवलं, म्हटलं बंद करून येते. आत गेले ती अजून बाहेर आलेच नाही.” आणि पुन्हा भाजीत डोकं. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

मग तसंच लिहिलं. दूध उतू गेलं, करपलं, वास आला म्हणून नवरा पेपर ठेवून उठला, आणि बाई तोवर गाडीत खिडकीशी बसली होती. संपादकांनी नाक मुरडलं, पण त्यांच्या बायकोने ते घरीच वाचून ‘एक शब्द हलवायचा नाही’ असं बजावलं. काल भाग छापायला गेला. सुटले बाई!

तुझी भाची

ता. क. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? पुढची कादंबरी लिहायला महिनाभर येते आहे. हे पत्र स्टेशनवरूनच टाकते आहे, तेव्हा नको म्हणायला तुला वेळ नाही.

पुन्हा ता. क. दोघी येतो आहोत. सासूबाई मांडीवर बॅग घेऊन शेजारीच बसल्या आहेत.

आणखी एक. आत्ता त्यांनी विचारलं, निघताना गॅस बंद केलास ना? मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही केलात. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण बाकावरून कोणीच उठलं नाही. ह्यांना फोन करू नकोस. घरीच आहेत, वास येईल त्यांना.