नव्या गिटारीची खरखर

बाबा, तुमच्या दोन्ही इलेक्ट्रिक गिटारी आज माझ्या टेबलावर शेजारी शेजारी उघड्या पडल्या आहेत. आई नांदुऱ्याचं घर सोडून माझ्याकडे अकोल्याला राहायला आली, तेव्हा भांड्यांच्या पोत्यांबरोबर ह्या दोघीही आल्या. मी आता वाद्यं दुरुस्त करते, हे तुम्हाला माहीत नाही. पुण्याची नोकरी तुम्ही गेल्यावर सोडली. एवढं पुस्तकी लिहितेय म्हणून हसू नका. कागदावर 'मले' लिहिलं की शाळेतल्या बाई लाल रेघ मारायच्या, ती भीती अजून बोटांतून गेली नाही.

जुनी गिटार तुम्ही नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेली, कलकत्त्याच्या कुण्या कारागिराच्या हातची. केवढं ते वजन! दांडी तर पलंगाच्या पायाएवढी जाड. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, त्यामुळे कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्याशिवाय तुमचं समाधान होत नसे. गिटार ठोकून म्हणायचे, "आयक, कसं भरीव बोलते. हे पोरापर्यंत पुरते." मग माझ्याकडे पाहून, "पोरीपर्यंत." भीमगीतांचा कार्यक्रम वडनेर भोलजीला असो की आणखी कुठे, सकाळी घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधी तुम्ही गिटारीच्या सहाही तारा ढिल्या करायचे. आई चहा घेऊन उभी असे. "आधी तिले मोकळं करू दे," तुम्ही म्हणायचे. मे महिन्याच्या आपल्या उन्हात ताणलेल्या तारांनी दांडी वाकते, हे तुम्ही एकदा सोसून शिकला होतात. त्या गिटारीसाठी ते अगदी बरोबर होतं.

मग मी पहिल्या पगारात नवी आणली. चेरीच्या रंगाची, काचेसारखी चकाकणारी. तुमचा खांदा दुखायचा म्हणून मुद्दाम हलकी बघून घेतली होती. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तुम्ही तिचं खोकं उघडलं. ठोकून पाहिली, आणि परत खोक्यात ठेवलीत. मला इतका राग आला! पण दुसऱ्या दिवशी जिनिंगमधल्या माणसांना घरी बोलावून दाखवलीत. "माह्या पोरीनं आणली. पाय, वजनच नाही. फुलावानी हाय." मी पुण्याच्या गाडीत बसेपर्यंत तुम्ही ती गळ्यातून काढली नव्हती.

दोन-तीन महिन्यांनी फोनवर म्हणालात, "दांडीच्या वरच्या घरात थोडी खरखर करून राह्यली वं ती." मी म्हटलं, सवय होईल. पुढच्या फोनला पुन्हा तेच. जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम होती त्या रविवारी मी घरी आले होते. हार्मोनियमवाले काका, ढोलकीवाले काका, गाणारे दोघे, सगळे आपल्या समोरच्या खोलीत. तुम्ही सूर धरला, थांबलात, पुन्हा धरलात. "नाही जमत," म्हणालात, "हे नवे सामान दिसाले देखणे, आतून पोकळ. जुनीच काढतो." सगळ्यांसमोर. आणि मी, तुमची शिकलेली लेक, चहाचा ट्रे हातात घेऊन बोलले, "गिटारीत काही नाही बाबा. तुमचे कान गेले. इतकी वर्षं त्या जिनिंगच्या मशिनीत काढली, कान राहतील कसे?"

पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरीला कोण खोटं पाडणार? ढोलकीवाल्या काकांनी ढोलकीची दोरी ओढत बसल्याचं निमित्त केलं. तुम्ही मला विचारलंत, "खरंच नाही येत का वं खरखर?" मी म्हटलं, "नाही."

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही विश्वास ठेवलात. जयंतीला तुमच्या जागी मलकापूरहून दुसरा माणूस आणला. जुनी गिटार काढतो म्हणाला होतात, तीसुद्धा काढली नाही. कानच नाहीत तर कुठली का असेना. दोन्ही खिळ्याला टांगल्या. आई फोनवर सांगायची, तुझे बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, बोललं की हात कानामागे नेतात. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर म्हणालात, "मशीन लावून का गिटार वाजवू?" आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात.

दुरुस्ती शिकायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात उस्तादांनी एक नवी गिटार उघडून दाखवली. हल्लीच्या गिटारींच्या दांडीत एक लोखंडी सळई असते. तारा दांडीला पुढे ओढतात, सळई मागे ओढते, आणि ह्या ओढाओढीत दांडी सरळ राहते. तारा रोज ढिल्या केल्या की सळई एकटी ओढत बसते, दांडी मागे वाकते आणि वरच्या घरांत तार फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, घासून खरखरते. मी ऐकलं, नवीच्याही तारा तुम्ही वाजवून झालं की तशाच ढिल्या करायचे हे आठवलं, आणि चहाला म्हणून उठून बाहेर गेले. मनाला सांगितलं, आपल्या गिटारीचंही तेच झालं असेल कशावरून? सहा वर्षं असंच सांगत राहिले.

परवा तुमच्या नव्या गिटारीच्या दांडीवर पोलादी पट्टी ठेवली. मधोमध टेकली, दोन्ही टोकांना उजेड दिसला. तेच, मागे वाकलेली दांडी.

दोन्ही उघडल्याच होत्या, म्हणून फिटरच्या मुलीने पाहावं तसं नीट पाहिलं. गिऱ्हाइकं नेहमी विचारतात, मॅडम, जुनी चांगली का नवी? जुनं ते सोनं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तुमच्या कलकत्तेवालीच्या दांडीच्या सांध्यात फट होती, त्यात भुसा आणि सरस भरलाय. फ्रेट हाताने घासलेले, दोन उंच, एक ठेंगणा. तरी लाकूड असं मुरलेलं की इतक्या उन्हाळ्यांत तडा नाही, आणि आतल्या वायरींचे कथलाचे टाके आजही पक्के. नवीचे फ्रेट यंत्राने बसवलेले, एका ओळीत, पाहत राहावं असे. पण रंगाखाली चार तुकडे चिकटवलेत, स्क्रू मऊ, बटण दोन वर्षांत जाणारं. पोकळ मात्र नाही बाबा. तिथे तुम्ही चुकलात. दोघींना सांभाळायची रीत वेगळी होती, एवढंच, आणि ती नवी रीत तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. खोक्यात छापील कागद होता. इंग्रजीत होता. मी वाचला नाही आणि तुम्हाला वाचता आला नाही.

सळई पाव फेरा सैल केली, नव्या तारा चढवल्या, दोन दिवस तशीच ठेवली. आज दुपारी वाजवली. वरची घरं साफ बोलली. आई ताटात मेथी निवडत होती. म्हणाली, "चांगली वाजून राह्यली ना वं. तुह्या बाबाले मरेपर्यंत वाटे, का आपले कान खराब झाले म्हणून हे असं आयकू येते. बिचारा आपल्याच कानाले शिव्या दे."

मी "हाव" म्हटलं. अजून काही म्हणायला हवं होतं, पण मी कागद काढून लिहायला बसले. आता ती मला विचारतेय, काय लिहून राह्यली एवढं. काही नाही म्हटलं. हा कागद तिला दाखवायची हिंमत नाही, आणि तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे म्हणूनच तो लिहायला धजले. दांडीचं, सळईचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं हे खरं आहे. पण त्याच्या आड मी लपून बसले होते. चार माणसांत माझ्या पहिल्या पगाराची वस्तू तुम्ही पोकळ म्हणालात, ते मला सोसलं नाही. तुमचे कान शाबूत होते, बाबा. त्या रविवारी ट्रे हातात धरून उभी होते तेव्हा खरखर मलाही ऐकू येत होती.