हॉर्न वाजला की आवळायचं

शनिवार, ६ जुलै. सकाळी सात.
मी, मॉइरा टिलब्रूक, वय एकसष्ट, आजपासून नवं आयुष्य सुरू करते आहे. ८ सप्टेंबरला पिप्पाच्या वाढदिवसाला मी ट्रॅम्पोलीनवर उड्या मारणार. शब्द देऊन बसलेय. नात सात वर्षांची होईल आणि गेली तीन वर्षं मी तिला दुखऱ्या गुडघ्याचं कारण सांगतेय. गुडघा ठणठणीत आहे. अडचण जरा वर आहे. शिंक, खोकला, जोरात हसणं, काहीही झालं की थोडं गळतं.
क्लिनिकमधल्या नर्सने मोबाइलमध्ये अ‍ॅप घालून दिलं. खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. दिवसाला तीस वेळा, निदान तीन महिने. मी म्हटलं, मला दोन पुरेत. ती हसली. जिद्दीचं कौतुक वाटलं असणार.

मंगळवार, ९ जुलै
अ‍ॅप दिवसातून तीनदा किणकिणतं. नवऱ्याला, नेव्हिलला, सांगितलंय की ते हवामानाचं आहे. त्याने विचारलं, काय म्हणतंय? म्हटलं, तुरळक सरी. बिचाऱ्याने गव्हावरची फवारणी पुढे ढकलली.
व्यायाम राहिला. ब्रॉनचा फोन होता. छत्तिसाव्या वर्षी माझी मुलगी घरात बसून असते. नेटबॉल सोडलं ते सोडलंच. आळस, दुसरं काय. जिद्द माझ्याबरोबरच संपणार या घरातून.

शनिवार, १३ जुलै
युक्ती सापडली. फुटीच्या, म्हणजे आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मॅचला आम्ही मैदानाच्या कडेला गाडी लावून आतच बसतो. आपल्या पोरांनी गोल मारला की आपल्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. हॉर्न वाजला की आवळायचं. किणकिणाटाची गरजच नाही.
आपले गोल दोन. व्यायाम दोन. उरलेल्या अठ्ठावीसवर अ‍ॅपमध्ये 'झाले' दाबलं. मनात होतेच ते.

शनिवार, २० जुलै
आपले गोल तीन. या पोरांच्या भरवशावर मूत्राशय सोपवणं चुकलंच. यापुढे पाहुण्या संघाचे हॉर्नही धरणार.

शनिवार, २७ जुलै
आपले तीन, पाहुण्यांचे सव्वीस. एकोणतीस झाले. एकच हवा होता. तो त्यांनी शेवटच्या मिनिटाला मारला, पण आता त्यांनाही हॉर्नचा कंटाळा आलेला. कोणीच वाजवेना. मग मी हात लांब करून वाजवला.
मैदानभर माना वळल्या. नेव्हिल सरळ समोर बघत राहिला. म्हणाला की याच जागेवर त्याचे आजोबा गाडी लावायचे, आणि आजवर एकाही टिलब्रूकने त्या गावासाठी हॉर्न वाजवलेला नाही. कॅन्टीनवाल्या डॉटने माझ्या मीट-पाय पेस्ट्रीवर सॉस घातला नाही.
पण तीस पूर्ण. अ‍ॅपने चौथी पायरी दिली. मोठ्या कामात लोक दुरावतातच.

शनिवार, १७ ऑगस्ट
सहावी पायरी. शेवटची. पडद्यावर आतषबाजी झाली.
माझी स्वतःची पद्धत बसली आहे: हॉर्न वाजला की श्वास रोखायचा, गाल फुगवायचे, मुठी वळायच्या आणि पोटातून जोर लावायचा. अ‍ॅप म्हणतं श्वास चालू ठेवा, खांदे सैल सोडा. ते नवशिक्यांसाठी असेल. नेव्हिलने दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का.
ता. क. घरी येताना शिंक आली. सीट पुसताना नेव्हिलला सांगितलं, चहा सांडला. मी चहा घेतलाच नव्हता हे त्याच्या लक्षात आलं नाही. गडी तसा भोळाच.

रविवार, ८ सप्टेंबर. सकाळी नऊ.
पूर्ण तयारी. काल दुपारपासून पाणी बंद. काळी पँट. तिच्या रंगाचा कशाशी संबंध नाही.

रविवार, संध्याकाळी सहा.
ब्रॉनचं अंगण. शेगडीवर सॉसेज, दहा-बारा मुलं, त्यांचे आईबाप. पिप्पाने मला हाताला धरून ट्रॅम्पोलीनवर नेलं. पहिली उडी छान. दुसरीही छान. पिप्पा ओरडली, आजी उडतेय. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.
नेव्हिलला वाटलं, मला हॉर्न आवडतो. त्याने कौतुकाने गाडीत हात घालून लांबलचक हॉर्न दिला.
मी हवेत होते. सवयीने श्वास रोखला, गाल फुगवले, मुठी वळल्या, पोटातून जोर लावला. दोन महिने मी नेमकं उलटं शिकत होते हे खाली येईपर्यंत कळलं. तुरळक नव्हतं. मुसळधार होतं.
बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. रडले. थोड्या वेळाने ब्रॉनने दार वाजवलं. मी आतून म्हटलं, गुडघा. ती हळूच म्हणाली, "आई, माझाही गुडघा दुखतो. पिप्पा झाल्यापासून. नेटबॉल का सोडलं, वाटलं तुला?"
सात वर्षं मी तिला आळशी म्हणत होते. कडी काढली.
ती टबच्या काठावर बसली. माझी सहावी पायरी बघून हसू दाबायला लागली आणि घाईने उठली. मग म्हणाली, श्वास घे, खांदे सोड, आता आवळ, तीन मोजेपर्यंत. दीडला सुटलं. अ‍ॅपने विचारलं, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं? ब्रॉनने 'हो' दाबलं आणि स्वतःच्या फोनवरही तेच अ‍ॅप उतरवून घेतलं.
बाहेर नेव्हिल खाकरला. उद्या फवारणी करतोय म्हणाला. मी म्हटलं, कर, ते हवामानाचं अ‍ॅप नाहीये. "ठाऊक आहे," तो म्हणाला, "गावात थेंब पडला नाही जुलैपासून."
बाथरूमचं दार उघडलं तेव्हा बाहेर हँडलला माझी कोरडी पँट लटकवलेली होती. घरून घेऊनच आला होता.
आजचे व्यायाम: एक. ब्रॉनच्या मते अर्धा.