तुमच्या स्पीकरवरची खरखर

पप्पा, आत्ता तुमच्या स्पीकरवर मी मुद्दाम खरखर लावून बसले आहे. रेकॉर्ड झिजल्यावर येते तशीच. तिच्याखाली कुणीतरी पियानोच्या दोनचार पट्ट्या सावकाश दाबतंय, मागे कपबशी वाजते, पाऊस पडतो, आणि हे सगळं हौसेनं घातलेलं आहे, बिघाड म्हणून नव्हे. याला लो-फाय म्हणतात. माझ्या लेकीनं मला हे नाव शिकवलं. ज्या आवाजापायी तुम्ही आमची सालटी काढलीत, तो आवाज आता पोरं डोकं शांत राहावं म्हणून ऐकतात. तुम्ही असतात तर तिचा फोन भिंतीवर फुटला असता. म्हणून तर ऐकायला इतकी मजा येते.

तो अँप्लिफायर आणि ते कमरेएवढे स्पीकर तुम्ही आखातातून आणलेत, तेव्हा आमच्या सांडोर गावात तसलं कुणाकडे नव्हतं. लोक बघायला यायचे आणि चपला बाहेर काढून आत यायचे, जसं काही देवळात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आलात की तुम्ही खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये ठेवायचात, रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसायचात, आणि आमचं घर मुकं व्हायचं. आई भांड्यांखाली फडकी घालायची. उलथनं वाजू नये म्हणून भाकरी बोटांनी उलटायची, बोटं भाजून घ्यायची. कुकर घरात आलाच नाही. मला खोकला आला की मी तोंड दाबून मागच्या केळीत पळायचे. रेकॉर्ड खरखरली तर ती कुणी खराब केली हे विचारायची तुमची पद्धत नव्हती. कपाटामागच्या खिळ्यावर स्पीकरच्या उरलेल्या वायरीचं वेटोळं टांगलेलं असायचं, ते खाली यायचं आणि जो समोर असेल त्याच्या पाठीवर पडायचं. आधी खरखर, मागून वायर. माझ्या कानाला दुसरं काही शिकवलंच नाहीत तुम्ही.

आणि तो मे महिन्यातला दिवस. वर्षाचा मसाला कुटायला बायका एकमेकींच्या घरी जायच्या, लांब मुसळं घेऊन, तिघी तिघी एकाच उखळावर आळीपाळीनं घाव घालत आणि गात. तुम्ही लग्नाला गेलेले असणार म्हणून आईनं तो दिवस धरला होता. तुम्ही लवकर परतलात, कुणावर तरी चिडून, पुढच्या दारानं आत गेलात आणि रेकॉर्ड लावलीत. मागच्या अंगणात गाण्याच्या नादात कुणाला कळलंच नाही. मुसळाच्या हादऱ्यानं रेकॉर्डवरची सुई उडाली.

मी पायरीवर बसले आहे. तुम्ही बाहेर येता. एका हातात वायर. उखळात हात घालता, मूठभर तिखट उचलता आणि आईच्या तोंडावर मारता. ती डोळे धरून खाली बसते, मग तुम्ही वायर चालवता, पाठीवर, मानेवर, डोळ्यांवर धरलेल्या हातांवर. बायका मुसळं हातात धरून उभ्या. एकीचंही मुसळ उठत नाही. त्यांचा मला अजून तुमच्याइतकाच राग येतो. तुम्ही आत जाता, सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवता, आणि शेजारीण आईच्या डोळ्यांत दूध घालत असताना ती अख्खी बाजू ऐकता. आईचा उजवा डोळा तेव्हापासून अंधुक आहे.

तुम्ही मेलात त्यालाही जमाना झाला. तरी आई भांडी फडक्यावरच ठेवत राहिली.

यंदाच्या मे महिन्यात मी कामावरून घरी आले, तर दाराबाहेरच्या ओट्यापर्यंत खरखर ऐकू येत होती, तुमच्या स्पीकरमधून. लेकीनं फोन त्याला जोडला होता आणि डोळे मिटून जमिनीवर बसली होती. मला काही वाटायलाही वेळ मिळाला नाही. हात आपसूक कपाटामागे गेला. वायर तिथंच होती. इतकी वर्षं तिला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि माझ्या मुठीत ती अशी बसली की जणू माझ्याच मापाची. "मम्मी!" लेक ओरडली आणि खाली वाकली. वायर स्पीकरच्या कापडावर बसली, कापड टरकन फाटलं. ती वाकली नसती तर तोंड फुटलं असतं तिचं.

"खराब नाही केलं मी! गाणंच तसं आहे, मम्मी!" ती कोपऱ्यात सरकली होती, दोन्ही हात डोक्यावर. हात असे धरायचे हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

आई फणस कापत होती, ती कोयता घेऊनच आत आली. चांगला डोळा माझ्यावर रोखून म्हणाली, "दे ती." मी दिली. तिनं वायर ओट्यावर नेऊन लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि घाव घातला. मग दुसरा. "त्याच्यासंगं पुरायला पायजे व्हती ही," ती म्हणत होती, "त्याच्यासंगं पुरायला पायजे व्हती." तांब्याच्या तारा उडाल्या, ठोकळ्याची ढलपी उडाली, शेजारी कुंपणाशी जमले, ती थांबेना. मागे ते गाणं आपलं खरखरत चाललेलं. शेवटी तिनं कपाळ पुसलं आणि नातीला म्हणाली, "आता लाव गो पोरी. मोठ्यानं लाव." स्वयंपाकघरात जाऊन तिनं परातीवर झाकण आपटलं. आईच्या हातून भांडं वाजलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि भोकाड पसरून रडले.

आता रविवारी आम्ही तिघी हे ऐकतो. तुमच्या स्पीकरांवर खरखरीचा कण न् कण सुटा ऐकू येतो, कपाचा कान बशीला लागलेलाही कळतो. तुमचा कान उत्तम होता, पप्पा. हे कबूल करतानाही दातओठ खावेसे वाटतात.

मृतांच्या सणाला तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आई जाते, का जाते ते तिचं तिला ठाऊक. मी जात नाही. आईच्या हाती हे पत्र द्यायचा प्रश्नच नाही, ते इथंच राहील.

फक्त एक. काल मी ओट्यावर चपला काढत होते. आत गाणं मोठ्यानं चाललं होतं. माझी चाहूल लागली आणि लेकीनं आवाज कमी केला. मी काहीच बोलले नव्हते. आत गेले तर तिनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आईला हे सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.