फळ्यांचं उघडमीट छप्पर

११ डिसेंबर

"ह्यां बटण दाब आणि बोल गो आजी, फोन लिहिता," असं नितेश दाखवून गेला. फोनाला मालवणी नीट कळत नाही, म्हणून कचेरीत गेल्यासारखी बोलते; कोण काय म्हणालं तेवढं मात्र तसंच सांगते. मला अक्षर येत नाही. आपलंच बोलणं वाचून लाजायची भीती नाही.

नातवाने जुनी व्हॅन आणलीय. आत खाट, शेगडी. आता छप्पर हवं – थांबल्यावर उचललं की माणूस ताठ उभा राहील, निघताना खाली बसेल असं. पुण्यात तयार मिळतं, बाजू कापडाच्या.

"आठ दिवसांत बसयतत. मगे मी हिंडाक सुटलंय. पाऊस लागलो की परत येतलंय, कापड काय पावसात टिकाचां नाय."

आठ दिवस. घरात आम्ही दोघंच.

"कापड?" म्हटलं. "गाडी लंगोट वाळत घातल्यासारखी दिसतली. चारी बाजूंनी लाकडाच्यो फळयो लाव."

फळ्यांचं तयार मिळत नाही, करून घ्यायला महिने जातात, हे त्यानेच सांगितलं होतं. म्हणूनच म्हटलं.

१४ डिसेंबर

पटलं त्याला.

२० जानेवारी

मालवणात फायबरच्या होड्या करणारा धोंडू तयार झाला. झाकण फायबरचं, बाजूंना बिजागरीच्या फळ्या. आज आमच्या गावी, मिठबावला येऊन मापं घेतली. मी जेवायला बसवलं. पुन्हा भात, पुन्हा सोलकढी.

"आजी, माका उशीर होता."

"होवंदे."

४ मार्च

फळ्या लागल्या. उभ्या केल्या की छान खोली होते. पण मिटायला गेलं की एकमेकींवर अडतात आणि झाकण वीतभर उघडंच. धोंडू लांब फळ्या आधी पाडतो, मग आखूड फळ्यांना जागाच नाही.

आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके मी जन्मभर मिटलेत. आखूड पाती आधी, लांब वरून. बघताच कळलं.

उठून आत गेले. तांदूळ निवडले.

१९ एप्रिल

धोंडूने तीनदा खोलून लावलं. तसंच.

आंबे भरायला बसलो होतो, नितेश आणि मी. त्याने दुपारी जेवण टाकलं होतं. "इकून टाकतंय गाडी," म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. त्याचं तोंड बघवेना.

"नितेश, तुझ्या हातात काय आसा?"

"खोको."

"मिटलंस कसो?"

त्याने खोक्याकडे बघितलं. पाती उघडली. पुन्हा मिटली. आखूड, मग लांब. मग धोंडूला फोन लावत दारापुढच्या खळ्यात पळाला – "लांब फळयांच्यो बिजागऱ्यो फळयेच्या जाडीइतक्यो वर घेवया!"

उरलेले खोके मीच मिटले.

३ मे

गेला. झाकण पेटीसारखं घट्ट बसलं होतं. वळणावर हॉर्न दिला. खळ्यात गाडीखालचा तेलाचा डाग राहिलाय, त्याला वळसा घालून चालते.

पाऊस लागेपर्यंतच तर आहे.

१० मे

मासेवाली मथुरा दारावर आली. "एकच बांगडो? मांजराक काय गो?"

हो म्हटलं. आमच्याकडे मांजर कुठलं!

२८ मे

फोन ऐकून घेतो, उलट बोलत नाही. नवरा असा मिळाला असता तर बरं झालं असतं.

नितेशची खोली झाडली. गोधडी उन्हात घातली. समुद्राकडून आभाळ भरून येतंय. बघून बरं वाटलं.

१६ जून

नितेशचा फोन. तिकडे डोंगरात दोन दिवस पाऊस लागलाय.

"आत थेंब नाय गो आजी. कापडाचां असतां तर आता घराकडे येवचां लागलां असतां. तू सांगितलंस म्हणान वाचलंय. आता दिवाळीक येतलंय."

छप्पर बरं झालं, म्हटलं त्याला.