चौदा पॉइंट दोन

२४ फेब्रुवारी २०१९, रविवार. लातूर.
देविकाची जेईई ८ एप्रिलला. रिपीटरचं वर्ष आहे, यंदा हुकून चालणार नाही. म्हणून कंधारच्या शाळेत दीड महिन्याची रजा टाकून तिच्या खोलीवर राहायला आलो. तिची आई विनीता म्हणत होती, मी जाते. म्हटलं, डबा कुठलीही मेस देते, विज्ञानाचा शिक्षक सोबत असणं वेगळं. भिंतीवर तक्ता चिकटवला: दर रविवारच्या मॉक टेस्टचे मार्क, खाली पालकांची सही. आजचे १४६, ३६० पैकी. उद्यापासून लिहितो.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६.
मॉक टेस्ट ज्या लॅपटॉपवर देते तो २०११ चा, सेकंडहँड. पायाच कच्चा असेल तर पोरगी काय करणार? ग्राफिक्स मोजणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात एक डोंगर गोल फिरतो. सेकंदाला जेवढी चित्रं दिसतील तेवढे मार्क. आपले १४.२. इंटरनेटवरच्या सहाशेच्या यादीत पाचशे एक्क्याण्णवावा नंबर. देविका म्हणाली, बाबा, माझ्या टेस्टमध्ये डोंगर नसतो, प्रश्न आणि चार पर्याय असतात. लहान आहे अजून.

४ मार्च.
निदान झालं. लॅपटॉपही रिपीटरच आहे. बुद्धी आहे, शिस्त नाही. त्याला लातूर पॅटर्न लावला: पहाटे पाचला टेस्ट, मग चुकांचं विश्लेषण, संध्याकाळी पुन्हा टेस्ट. त्याचा तक्ता देविकाच्या तक्त्याशेजारी. काल तिने मार्क सांगितले होते. लिहायचे राहिले.

९ मार्च.
दोन विटांवर ठेवला, खाली ओलं फडकं. १४.४. घरमालकीण सिंधुताई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, त्येला ताप आला का काय सर, पट्ट्या ठिवून राहिलाव. हसलो नाही.

१५ मार्च.
टेबल फॅन लॅपटॉपकडे वळवला. १४.९! देविका म्हणाली, फार उकडतंय, मी क्लासमधल्या शिल्पाच्या खोलीवर अभ्यासाला जाते. बरं झालं. पाच ते अकरा सलग टेस्ट घेता आल्या. आता रोजच जाणार म्हणते. मुलीला अभ्यासाची गोडी लागली, माझ्या येण्याचा फायदा झाला.

१९ मार्च.
लॅपटॉप दुरुस्तीवाल्या मलप्पाच्या दुकानात नेला. ग्राफिक्स कार्ड मोठं टाका म्हटलं. त्याने खालचं झाकण उघडून दाखवलं. म्हणाला, सर, ह्यात येगळं कार्डच न्हाई, प्रोसेसरच्या पोटातच हाय. हाय तेवढंच ऱ्हातंय, उगं दमवू नका त्येला. पैसेही घेतले नाहीत. असल्या लोकांमुळेच मराठवाडा मागे राहिला. आजपासून दोनच्या तीन टेस्ट.

२८ मार्च.
सापडलं! स्क्रीनचं रिझोल्यूशन ८०० बाय ६०० केलं, बाकी सगळं 'लो'. २२.६! डोंगर चौकोनी दिसतो, पण फिरतो झकास. लगेच विनीताला फोन. तिने विचारलं, देविकाचे किती? म्हटलं, त्याच दिशेने.

३१ मार्च, रविवार.
मॉक टेस्ट. प्रत्येक प्रश्नाखाली 'सेव्ह अँड नेक्स्ट'चं बटण असतं. माझ्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा तेवढा भाग दिसत नाही. देविका पहिल्याच प्रश्नावर अडकली. मी धीर दिला, पण जुनं सेटिंग काही आठवेना. रीस्टार्ट केला. त्याने अपडेट सुरू केलं. दोन तास चाळीस मिनिटं. टेस्ट संपली. मार्क ०. देविका रडली नाही. चप्पल घालून शिल्पाकडे गेली आणि तिथून आईला फोन केला.

१ एप्रिल.
विनीता सकाळच्या एसटीने आली. पिशवी खाली न ठेवता भिंतीकडे बघत उभी राहिली. लॅपटॉपचा तक्ता लाल शाईने गच्च भरलेला. देविकाचा कोरा. विनीता ओरडली नाही. एवढंच म्हणाली, मागच्या रविवारांचे मार्क तोंडी सांगा. मला १४६ आठवलं. पुढचं एकही येईना. देविकाने पाठ म्हणून दाखवले: १५१, १४९, १३८, १४०, ०. फार लाज वाटली.

२ एप्रिल. एसटीत.
विनीता लातूरला राहिली, मी कंधारला निघालो. देविका सोडायला स्टँडवर आली होती. म्हणाली, बाबा, लॅपटॉप घेऊनच जा, मी क्लासच्या लॅबमध्ये देते टेस्ट. तिला वाटलं असणार, मला करमणार नाही. समजूतदार आहे.

७ एप्रिल, रविवार. कंधार.
उद्या पेपर. काल पाडवा, एकट्यासाठी काही गोडधोड केलं नाही. विनीताचा फोन आला. लॅबमध्ये शेवटची मॉक टेस्ट झाली, २०३. फॅन आता देविकाकडे असतो.

मीही एक शेवटची टेस्ट घेतली. विटा नाहीत, फडकं नाही, फॅन नाही, अपडेटने आपोआप परत आणलेलं मूळ सेटिंग. १४.२. म्हणजे माझ्या एवढ्या मेहनतीने लॅपटॉपला एका पॉइंटचा फरक पडला नाही. मी निघून आल्याने देविकाला, पहिल्या १४६ वरून, सत्तावन्न मार्कांचा पडला.

तिचा कोरा तक्ता सोबत आणला होता. त्यावर २०३ लिहिले, तारीख घातली. खाली पालकांच्या सहीची जागा मीच पट्टीने आखली होती. पेन टेकवलं आणि उचललं. तिथे विनीताची सही घ्यावी लागेल.