परतवलेला डबा

३ मार्च, नांदेड

"नुसता डबा देणं म्हंजी परतवणं न्हाई. चिमूटभर साखर तरी टाकावी डब्यात." — लग्न झालं त्या वर्षी आई म्हणाली होती. बावीस वर्षं तसंच केलं. लातूरहून तिची शेंगदाण्याची चटणी यायची, एसटीच्या कंडक्टरजवळ. त्याच डब्यातून इथून लाडू जायचे, नाहीतर शंकरपाळे.

शेवटचा डबा मी रिकामा पाठवला. घासून, पुसून, मुद्दाम.

आई जाऊन महिना झाला. अजून रडले नाही.

६ मार्च

चाळीस पेपर तपासले. एकही उत्तर आठवत नाही.

९ मार्च

डिसेंबरातलं ते बोलणं. मी म्हणाले, नांदेडला ये, इथे दाखवू डॉक्टरांना. तर म्हणे — "लेकीच्या घरी आजारपण काढू व्हय? लोक अमरेशला काय म्हणतील?"

म्हणजे भावाची अब्रू आधी! मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन डबा कंडक्टरच्या हातात दिला. हलका लागला म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

तिचा फोन नाही. मीही केला नाही. सहा आठवडे. मग अमरेशचाच आला — "अक्का, निघ."

झाकण उघडून काय म्हणाली असेल ती? शिवकन्या वहिनीला विचारायचा धीर होत नाही.

१२ मार्च

काही नाही. कपडे वाळले, घड्या केल्या.

१४ मार्च

अमरेशचा फोन.

"अक्का, आईचं सामान आवरायलोय. तो डबा उशाशीच होता बघ. तुझी खडीसाखर लई पुरवून खाल्ली तिनं. रोज एक खडा. आमची इरा मागायला गेली तर म्हणायची — हाव, पण एकच! आत्यानं धाडलीय, संपंल."

मी "हं" म्हणाले.

"अर्धा डबा हाय अजून. तसाच पाठवू?"

मी खडीसाखर पाठवलीच नव्हती.

१५ मार्च

अमरेशला मेसेजमध्ये सगळं खरं लिहिलं. आईचाच मुलगा तो, डबा रिकामा धाडायचा नाही. तरी शेवटी लिहिलं — तिची साखर इराला दे. डबा मला रिकामाच पाठव.