सिट्लालीला भीती वाटत नाही

३ मार्च, मंगळवार

जिंकले! जिंकले! आजपासून आमच्या वॉर्डात मुलांना भीतीचे प्रश्न स्पॅनिशमध्येही विचारायचे!

इतकी वर्षं काय चाललं होतं? अपघातातून आलेलं मूल इंग्रजी बोलणारं असलं, तर शेजारी बसून शांतपणे विचारायचं – ते सारखं आठवतं का, स्वप्नं पडतात का. आणि स्पॅनिश बोलणारं असलं, तर अंगठा वर करून – ‘ओके?’ पोर म्हणणार ‘ओके’. झाली तपासणी! हाड जुळलं, पोर बरं, चला घरी! अरे, मेक्सिकोच्या सीमेला खेटलेल्या या एल पासोत अर्धंअधिक गाव स्पॅनिशमध्ये भांडतं, स्पॅनिशमध्ये देवाला आळवतं, आणि घाबरायचं मात्र इंग्रजीत?

सभेत उभीच राहिले. “मूल ज्या भाषेत आईला हाक मारतं, त्याच भाषेत त्याची भीती राहते!” असं म्हणून टेबलावर मूठ आपटली. आमचे साहेब डॉक्टर व्हिटलॉक – त्यांची कॉफी थेट त्यांच्या टायवर. टाय पुसत म्हणाले, “मंजूर, एल्विरा, मंजूर! आता खाली बस, नाहीतर शर्टही जाईल.”

४ मार्च, बुधवार

भाचीला फोनवर अख्खं भाषण पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, मी दात घासतेय.”

५ मार्च, गुरुवार

स्पॅनिशमधली पहिली तपासणी. सिट्लाली, आठ वर्षांची. हमरस्त्यावर ट्रकने त्यांची गाडी मागून उडवली. पोरीचा पाय मोडला. आई नोएमी गाडी चालवत होती, तिला फक्त खरचटलं. ती खुर्ची सोडत नाही. कुणी इंग्रजीत बोललं की हसते, मान हलवते, लेकीकडे बोट दाखवते. लेक दुभाषी. आणि काय दुभाषी! डॉक्टर म्हणाले, “हाड दोन जागी मोडलंय, पुढेमागे कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल.” हिने आईला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, माझं हाड फार हुशार आहे.” मला हसू आवरेना.

मग माझे प्रश्न. ट्रक सारखा डोळ्यांसमोर येतो? – “कधीच नाही.” गाडीत बसायची भीती? – “कधीच नाही.” झोप? – “मस्त!” प्रत्येक उत्तर आईकडे बघून, छाती काढून. आईने क्रॉसची खूण केली. मी पोरीचा मुका घेतला. वाघीण आहे, वाघीण! उद्या घरी सोडायला हरकत नाही, असं मीच लिहून दिलं.

६ मार्च, शुक्रवार

सकाळीच नर्स डार्लीनने जिन्यात अडवलं. “एल्विरा, तुझी वाघीण ना – जेवणाची गाडी दाराला धडकली, तर प्लास्टरसकट पलंगाखाली शिरायला निघाली! आई तेवढी अंघोळीला गेली होती. थरथरत मला म्हणते, मम्मीला सांगू नका.”

पळत गेले. आई परत आली होती, संत्रं सोलत बसलेली. मी प्रश्न पुन्हा सुरू केले. सिट्लाली म्हणाली, “मिस, इंग्रजीत विचारा ना.”

झालं! माझं डोकं तापलं. “का गं? आपल्या भाषेची लाज वाटते? कोण हसलं तुला? नाव सांग त्याचं!” बरंच बोलले. आजी, पणजी, सगळा इतिहास. पोरीने निमूटपणे ऐकून घेतलं. मग हळूच, इंग्रजीत – “मिस, मम्मीला इंग्रजी कळत नाही. म्हणून.”

खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले.

विचारलं इंग्रजीत. ट्रक? – सारखा. झोप? – येत नाही. पुन्हा होईल असं वाटतं? – रोज. आणि हे सगळं खिदळत, चांगला पाय हलवत, आईला शंका येऊ नये म्हणून! “गाडी मम्मी चालवत होती ना. मी घाबरले असं कळलं तर तिला वाटेल, तिचीच चूक.” मधेच आईला स्पॅनिशमध्ये – “मिस विचारतात, मला केक कुठला आवडतो!” आईने संत्र्याची फोड पुढे केली. “मग सांग की, तीन दुधांत भिजवलेला!”

घरी सोडणं थांबवलं. सोमवारपासून उपचार. “आईला सांगावं लागेल, बाळा, मी सांगेन नीट,” म्हटलं. ती फुरंगटून भिंतीकडे वळली. “तुम्ही फार बोलता, मिस.”

गाडीत बसून मोठमोठ्याने हसले! टेबलावर मूठ आपटून जिंकले, आणि आठ वर्षांच्या पोरीने एका वाक्यात उताणी पाडली. पण तिने सांगितलं! कुठल्या का भाषेत असेना – सांगितलं! व्हिटलॉकना फोन केला, त्यांनाही हसू फुटलं. “आता नवं भाषण?” म्हणाले. अर्थात! मुलाला एकटं विचारा, आणि भाषा त्याची त्याला निवडू द्या! उद्यापासून!

९ मार्च, सोमवार

नोएमीला काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं पाठ करून गेले होते. तीच लिफ्टपाशी उभी. मी तोंड उघडण्याआधी म्हणाली – इंग्रजीत, अडखळत, पण स्वच्छ – “शुक्रवारचं सगळं कळलं मला, बाई. बोलायची लाज वाटते, पण कळतं सगळं. लेकीला नका सांगू.”

मग म्हणाली, “आता तेच प्रश्न मला विचारा. असेच, इंग्रजीत. स्पॅनिशमध्ये विचारलंत तर मला रडू येईल, आणि मला आत जायचंय तिच्याकडे.”